कॉर्व्हेट फेरारीला गाठते, मग फेरारी एवढी महाग का?

जर्मनीत नुर्बुर्गरिंग नावाचा रेस ट्रॅक आहे. डोंगर आणि जंगलातून जाणारा, २०.८ किलोमीटर लांबीचा, सत्तरच्या वर वळणांचा. जगातल्या वेगवान गाड्यांची परीक्षा इथे होते, आणि एका फेरीला किती वेळ लागला हे गाडीच्या गुणपत्रिकेसारखं जपलं जातं.

जुलै २०२५ च्या शेवटी जनरल मोटर्सने जाहीर केलं की त्यांच्या ‘शेव्हरोले कॉर्व्हेट झेडआर१एक्स’ने ही फेरी ६ मिनिटं ४९.२७५ सेकंदांत पुरी केली. ट्रॅकसाठीच घडवलेल्या पोर्शे ९११ जीटी३ आरएसची २०२२ मधली अधिकृत वेळ आहे ६ मिनिटं ४९.३२८ सेकंद. पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी वेळाचा हा फरक. कॉर्व्हेट चालवणारा माणूसही व्यावसायिक रेसर नव्हता. ती गाडी घडवणाऱ्या चमूतला तो अभियंता होता.

शेव्हरोले म्हटलं की आपल्याला ‘बीट’ आठवते. पुण्याजवळच्या तळेगावच्या कारखान्यातून निघणारी ती छोटी हॅचबॅक. त्याच नावाची गाडी पोर्शेच्या शेजारी जाऊन बसली, म्हणून पुन्हा तो जुना वाद पेटला: तुलनेने स्वस्त ब्रँडची गाडी फेरारी, लॅम्बोर्गिनी, पोर्शे यांची बरोबरी करू शकते का? माझं उत्तर असं आहे की वेगात ती केव्हाच झाली. प्रतिष्ठेत मात्र का होत नाही, हे समजायला गाडीच्या बॉनेटखाली आणि कंपनीच्या हिशोबाच्या वहीत, दोन्हीकडे डोकवावं लागतं.

‘स्वस्त’ म्हणजे किती?

आपल्या खिशाने मोजलं तर यातली एकही गाडी स्वस्त नाही. इथे तुलना गाड्यांची आपापसात आहे. जुलै २०१९ मध्ये कॉर्व्हेटची आठवी पिढी, म्हणजे ‘सी८’ आली तेव्हा अमेरिकेत तिची सुरुवातीची किंमत ६० हजार डॉलरच्या आत होती. तिथे चांगला सजवलेला मोठा पिकअप ट्रकही जवळपास त्याच पैशांत येतो. फेरारीची २९६ जीटीबी मात्र तीन लाख डॉलरच्या वर सुरू होते.

झेडआर१एक्स ही सी८ घराण्यातली सगळ्यात वरची गाडी आणि तिला दोन लाख डॉलरहून थोडे जास्त पडतात. म्हणून मी बहुतेक ठिकाणी साध्या सी८ बद्दलच बोलणार आहे. तिच्यात ६.२ लिटरचं व्ही८ इंजिन आणि ४९० अश्वशक्ती आहे (आपल्याकडच्या नेहमीच्या हॅचबॅकमध्ये ८०-९० असतात), आणि रेसचं पॅकेज घेतलं तर थांबलेली गाडी ताशी ९७ किलोमीटरचा वेग २.९ सेकंदांत गाठते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हा आकडा फक्त अतिश्रीमंतांच्या गाड्यांचा होता.

एक शब्द सांगून ठेवतो: ‘एक्झॉटिक’. थोड्या संख्येने बनणारी, प्रचंड महाग, बहुधा इटलीत जन्मलेली गाडी. पुढे हाच शब्द वापरतो.

इंजिन मागे नेलं, त्याने काय झालं?

बैलगाडी भरताना ओझं कुठे ठेवायचं हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. भार फार मागे गेला तर गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. फार पुढे आला तर बैलांच्या मानेवर बसतो. गाडी नीट चालायला वजन चाकांशी जुळलेलं लागतं.

मोटारीत सगळ्यात जड वस्तू इंजिन. १९५३ पासून कॉर्व्हेटचं इंजिन पुढे असायचं आणि जोर मागच्या चाकांना मिळायचा. इंजिनाची ताकद एका मर्यादेपलीकडे गेली की मागची चाकं नुसती जागेवर घसरू लागतात, कारण त्यांच्यावर दाब पुरेसा नसतो. इंजिन चालकाच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे आणलं की दोन फायदे होतात. ज्या चाकांना जोर मिळतो त्यांच्यावरच वजन येतं. आणि जड वस्तू मध्याजवळ आल्याने गाडी झटकन वळते. भरलेला हंडा कमरेवर घेऊन वळणं आणि तोच हंडा हात लांब करून धरून वळणं, एवढा तो फरक.

फेरारी-लॅम्बोर्गिनीने ही रचना अनेक दशकं वापरली. कॉर्व्हेटचे जुने मुख्य अभियंता झोरा आर्कस-डंटोव्ह १९६० च्या दशकापासून तीच रचना मागत होते आणि कंपनी खर्चाला घाबरून नाही म्हणत होती. १९९६ मध्ये ते गेले. त्यांची गाडी आली त्यानंतर २३ वर्षांनी. मला ही गोष्ट वाचताना दर वेळी वाईट वाटतं.

पण एवढ्या कमी किमतीत जमतं कसं?

पेणच्या गणेशमूर्तींचा विचार करा. चांगला साचा बनवायला कारागिराचे कित्येक दिवस जातात. त्या साच्यातून दहा मूर्ती काढल्या तर साच्याचा खर्च दहा जणांवर बसतो. हजार काढल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला नगण्य येतो. उलट प्रत्येक मूर्ती शाडूत हातानेच घडवली तर शंभरावी मूर्तीसुद्धा पहिलीएवढेच कष्ट मागते.

कॉर्व्हेटमध्ये हा साचा शब्दशः आहे. सी८ च्या सांगाड्याचा कणा म्हणजे ॲल्युमिनियमचे सहा मोठे ओतीव भाग, आणि ते इंडियाना राज्यातल्या बेडफर्डला, जनरल मोटर्सच्याच ओतशाळेत तयार होतात. असे साचे फार महाग असतात. पण २०२१ ते २०२४ या काळात एकट्या अमेरिकेत दर वर्षी तीस हजारांच्या वर कॉर्व्हेट विकल्या गेल्या. फेरारीने २०२४ मध्ये सगळी मॉडेलं धरून साऱ्या जगात १३,७५२ गाड्या दिल्या. इंजिनाचा अभ्यास, सॉफ्टवेअर, अपघाताच्या चाचण्या यांचा खर्च जवळपास ठरलेला असतो. तो कितीजणांत वाटला जातो यावर किंमत ठरते.

दुसरं कारण पुरवठादार. फेरारीचे ब्रेक ब्रेम्बो कंपनीचे, कॉर्व्हेटचेही ब्रेम्बोचे. याच ब्रेम्बोचा छोट्या दुचाकींसाठीचा ब्रँड ‘बायब्रे’, आणि चाकणला बनणाऱ्या केटीएम ड्यूकवर तुम्ही तो पाहिला असेल. मिशलिनचे टायर दोघांनाही मिळतात. वेगाला लागणारं सामान पूर्वी मोजक्या घरांचं गुपित होतं, आज ते पैसे मोजून कुणालाही घेता येतं.

गिअर बदलण्याचंही तेच. सी८ मध्ये दोन क्लच असलेला गिअरबॉक्स आहे: एक क्लच १, ३, ५, ७ सांभाळतो, दुसरा २, ४, ६, ८. एक पोळी तव्यावर असताना दुसरी लाटून तयार ठेवली की तवा रिकामा राहत नाही. तसा इथे पुढचा गिअर आधीच लागलेला असतो, फक्त जोर एका क्लचवरून दुसऱ्यावर जातो. चालकाला झटका जाणवत नाही आणि वेळ वाया जात नाही.

म्हणजे यांनी इटलीची नक्कलच केली ना?

काही बाबतीत हो, आणि ते उघडपणे. सी८ घराण्यातल्याच कॉर्व्हेट झेड०६ चं ५.५ लिटरचं इंजिन घडवताना अभियंत्यांनी फेरारी ४५८ चं इंजिन विकत आणून उघडून पाहिलं होतं. व्ही८ इंजिनात चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा असतात. जुन्या अमेरिकन इंजिनात स्फोटांचा क्रम असा की कधी एकाच रांगेत लागोपाठ दोन स्फोट होतात, म्हणून तो ओळखीचा गुरगुरणारा आवाज. फेरारीच्या रचनेत डावी-उजवी-डावी-उजवी असे आळीपाळीने होतात. ढोलपथकात दोन रांगांनी एकमेकींना उत्तर द्यावं तसं. या रचनेत इंजिनाचा फिरता दांडा हलका ठेवता येतो, त्यामुळे ते फार वर फिरतं, पण थरथर वाढते आणि ती आवरणं कठीण. झेड०६ चं इंजिन मिनिटाला ८,६०० फेऱ्यांपर्यंत जातं, ६७० अश्वशक्ती देतं, आणि २०२३ मध्ये गाडी सुमारे १ लाख ६ हजार डॉलरला सुरू झाली.

पण देवाणघेवाण एकतर्फी नाही, आणि ही बाजू फार कमी जणांना ठाऊक असते. ‘मॅग्नेराइड’ नावाचे शॉक ॲब्सॉर्बर आहेत. त्यांच्या तेलात लोखंडाचे बारीक कण असतात. विजेचा प्रवाह सोडला की चुंबकत्वाने कण रांगेत उभे राहतात आणि पातळ तेल क्षणात घट्ट होतं. ताकाचं श्रीखंड व्हावं, आणि सेकंदाच्या छोट्याशा अंशात पुन्हा ताक व्हावं, तसं. खड्डा आला की मऊ, वळण आलं की ताठ. हे तंत्र पहिल्यांदा जनरल मोटर्सच्या कॅडिलॅकमध्ये आलं, मग २००३ च्या कॉर्व्हेटमध्ये. फेरारीने ते घेतलं २००६ च्या ५९९ जीटीबीमध्ये.

ट्रॅकवरचे आकडे खरे मानायचे का?

शंका रास्त आहे. २००८ मध्ये निसानने जाहीर केलं की त्यांच्या जीटी-आरने नुर्बुर्गरिंगची फेरी ७ मिनिटं २९ सेकंदांत मारली. तेव्हा ही गाडी अमेरिकेत सुमारे ७० हजार डॉलरची. पोर्शेला ते पटलं नाही. त्यांनी स्वतः एक जीटी-आर घेऊन चालवली आणि आपल्याला ७ मिनिटं ५४ सेकंद लागल्याचं सांगितलं. निसानने आपला आकडा मागे घेतला नाही. वाद मिटला नाही, पण त्यातून एक गोष्ट ठळक झाली: पोर्शेला निसानची दखल घ्यावी लागली. पुढे ट्रॅक चालवणाऱ्या कंपनीनेच अधिकृत नोंदीचे नियम केले, फेरीची लांबी पक्की झाली आणि गाडी व वेळ नोटरीसमोर तपासली जाऊ लागली.

फेरारी मात्र या स्पर्धेत उतरत नाही. ती स्वतःच्या फियोरानो ट्रॅकवरच्या वेळा सांगते. त्यामुळे कॉर्व्हेट आणि फेरारी यांची कंपन्यांनी दिलेल्या आकड्यांवरून समोरासमोर तुलना करता येत नाही, हे लक्षात ठेवलेलं बरं. नुर्बुर्गरिंगवर रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये खूप पुढे आहे ती मर्सिडीज-एएमजी वन, २०२४ मध्ये ६ मिनिटं २९.०९ सेकंद. तिची किंमत २७ लाख युरोंच्या आसपास होती. कॉर्व्हेट तिच्याहून २० सेकंदांनी मागे आहे, किमतीत मात्र तेराव्या-चौदाव्या हिश्शात.

एक फेरी ठीक, पण दहा फेऱ्या मारून दाखवा

हा आक्षेप जाणकारांचा, आणि तो मला सगळ्यात वजनदार वाटतो. इंजिन जेवढी ताकद देतं त्याहून बरीच जास्त उष्णता तयार करतं. एक फेरी कुणीही दम धरून मारतं. उष्णता बाहेर फेकण्याची व्यवस्था कमी पडली की चौथ्या-पाचव्या फेरीला गाडी स्वतःच ताकद कमी करते. २०१५ च्या जुन्या कॉर्व्हेट झेड०६ मध्ये नेमकं हेच झालं. ६५० अश्वशक्ती होती, पण ट्रॅकवर ती तापत असल्याच्या तक्रारी आल्या, आणि २०१७ च्या मॉडेलमध्ये थंडाव्याची व्यवस्था सुधारावी लागली. स्वस्त गाडीत पैसा वाचवला जातो तो बहुधा अशाच, माहितीपत्रकात न दिसणाऱ्या जागी. सी८ मध्ये इंजिन मागे गेल्यावर हवा आत घेण्याच्या वाटा नव्याने आखल्या गेल्या, आणि धडा घेतल्याचं दिसतं.

आतल्या चामड्याच्या शिलाईत आणि बटणांच्या स्पर्शात फेरारीच सरस. त्यावर वाद नाही.

१९९०: होंडाने फेरारीला लाज आणली

हा वाद किती जुना आहे ते पाहायला १९८९ मध्ये जायला हवं. त्या वर्षी शिकागोच्या प्रदर्शनात होंडाने एनएसएक्स दाखवली. संपूर्ण ॲल्युमिनियमचा सांगाडा, मध्यभागी तीन लिटरचं व्ही६ इंजिन. फॉर्म्युला वनचा शर्यतपटू आयर्टन सेना याने जपानच्या सुझुका ट्रॅकवर तिचा नमुना चालवला आणि सांगाडा नाजूक वाटतो म्हणाला. होंडाने ते ऐकून सांगाडा आणखी बराच ताठ केला. अमेरिकेत गाडी सुमारे ६० हजार डॉलरला मिळू लागली, त्या वेळच्या फेरारी ३४८ पेक्षा कितीतरी स्वस्त.

पण एनएसएक्सचा खरा घाव किमतीचा नव्हता. तोवर लोकांनी मान्य केलं होतं की एक्झॉटिक गाडी म्हणजे त्रास. जड क्लच, आत उकाडा, मागचं दिसत नाही, महिन्याने कुठे तरी बिघाड. होंडाने दाखवलं की तेवढीच वेगवान गाडी रोज ऑफिसला नेता येते. मॅकलारेन एफ१ ही एक्झॉटिक गाडी घडवणाऱ्या गॉर्डन मरे यांनी नंतर लिहिलं की एनएसएक्स चालवल्यावर त्यांच्यापुढचे फेरारी-पोर्शेचे आदर्श पुसले गेले आणि तीच त्यांचा मापदंड झाली. १९९१ मध्ये फेरारीची धुरा घेतलेल्या लुका दी मोंतेझेमोलो यांनीही ३४८ बद्दलची निराशा लपवली नाही. १९९४ मध्ये तिची जागा घेणारी एफ३५५ आली आणि ती सर्वार्थाने चांगली गाडी होती. आज फेरारी विकत घेणाऱ्याला बिघाडाची धास्ती कमी वाटते, त्यात होंडाचा वाटा आहे, असं माझं ठाम मत आहे.

आणि तरीही? पहिली एनएसएक्स १५ वर्षांत एकोणीस हजारही विकली गेली नाही.

मग लोक फेरारीलाच एवढे पैसे का देतात?

इथे हिशोबाची वही उघडू. २०२४ मध्ये फेरारीचा व्यवसायातला नफा, व्याज आणि कर वजा करण्याआधी, १८८.८ कोटी युरो होता. त्याला १३,७५२ गाड्यांनी भागा. गाडीमागे सुमारे १ लाख ३७ हजार युरो येतात. या नफ्यात फॉर्म्युला वनचे प्रायोजक आणि ब्रँडची इतर कमाईही आहे, तरी अंदाज यावा: एका फेरारीमागचा नफाच साधारण दोन कॉर्व्हेटांच्या किमतीएवढा.

म्हणजे जास्तीचे पैसे लोखंडात किंवा ॲल्युमिनियममध्ये गेलेले नाहीत. ते गेले आहेत दुर्मिळतेत. मागणी असेल त्याहून एक गाडी कमी बनवायची, हे तत्त्व खुद्द एन्झो फेरारी यांच्या नावावर सांगितलं जातं. दुपारी एकला ‘आज संपले’ची पाटी लावणारं मिसळीचं दुकान आठवा. मालकाला आणखी दोन पातेली सहज चढवता येतील. तो चढवत नाही, म्हणून उद्या दहालाच रांग लागते. फेरारीच्या एफ८० च्या फक्त ७९९ प्रती, किंमत सुमारे ३६ लाख युरो, आणि त्या जुन्या निष्ठावान ग्राहकांनाच देऊ केलेल्या. नुसते पैसे असून भागत नाही.

दुसरं, इतिहास. येवल्याच्या हातमागावरची पैठणी आणि यंत्रावरची सेमी-पैठणी लांबून सारखी दिसते. जिला कळतं ती पदराची उलटी बाजू बघते आणि विणकराच्या कित्येक महिन्यांचे पैसे मोजते. फेरारी १९४७ पासून शर्यतींतून विणली गेली आहे. १९६२ ते १९६४ मध्ये बनलेल्या ३६ फेरारी २५० जीटीओंपैकी एक २०१८ मध्ये लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. तिचा आजचा वेग कॉर्व्हेटच्या जवळपासही नाही. तो भाव वेगाचा नाही हे याहून स्पष्ट कसं सांगू?

मग स्वस्त ब्रँडनेही किंमत वाढवून पाहावी

पाहिलं. दुसरी एनएसएक्स २०१६ मध्ये दीड लाख डॉलरच्या वर किंमत लावून आली. हायब्रिड, चारही चाकांना जोर, उत्तम अभियांत्रिकी. २०२२ मध्ये ती बंद झाली तोवर तीन हजारही खपली नव्हती. एवढे पैसे देणाऱ्याला होंडाच्या घराण्यातली गाडी नको होती.

फोर्ड दुसऱ्या वाटेने गेली. मस्टँग जीटीडीची किंमत सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास आणि खरेदीसाठी आधी अर्ज करायचा. कॉर्व्हेट झेड०६ चं प्रत्येक इंजिन केंटकीतल्या बोलिंग ग्रीनला एकच कारागीर हाताने जुळवतो आणि त्यावर त्याच्या नावाची पट्टी लागते. निसाननेही जीटी-आरच्या इंजिनांवर योकोहामातल्या कारागिरांची नावं लावली. वेग साध्य झाल्यावर या कंपन्यांना कळलं की उरलेलं अंतर माणसाच्या हाताचं आणि नावाचं आहे.

आणि आपल्याकडे?

भारतात कॉर्व्हेट कधी अधिकृतपणे विकली गेली नाही. शेव्हरोलेने २०१७ अखेर इथली विक्री थांबवली, तळेगावचा कारखाना आता ह्युंदाईकडे आहे. पण कुणी तशी गाडी पूर्ण तयार आयात केली तर काय होईल ते बघा. ४० हजार डॉलरहून महाग गाडीवर २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर मूळ शुल्क ७० टक्के आणि उपकर ४० टक्के. शंभर रुपयांचे दोनशे दहा झाले. त्यावर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी: दोनशे चौऱ्याण्णव. मग आरटीओ, ज्याची महाराष्ट्रातली कमाल मर्यादा जुलै २०२५ मध्ये २० लाखांवरून ३० लाख झाली.

कर महाग-स्वस्त दोन्ही गाड्यांना सारख्याच पटीने लागतो, पण मार स्वस्त गाडीलाच बसतो. अमेरिकेत तिचा ग्राहक असतो वर्षानुवर्षं पैसे साठवणारा शौकीन इंजिनिअर, दुकानदार, निवृत्त शिक्षक. दोन कोटींवर गेल्यावर तो ग्राहक गळतो. आणि ज्याच्याकडे दोन कोटी आहेत त्याला बहुधा नाव हवं असतं. डिसेंबर २०१६ मध्ये निसान जीटी-आर भारतात १ कोटी ९९ लाख रुपयांना आली, एक्स-शोरूम. तेव्हा अमेरिकेत ती १ लाख १० हजार डॉलरला होती, म्हणजे पाऊण कोटीच्या आत.

या कराने मराठी माणसाला पहिल्यांदा चकित केलं ते २००२-०३ मध्ये. ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केल्याबद्दल सचिन तेंडुलकरला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली, फेरारीचा शर्यतपटू मायकेल शूमाकरच्या हस्ते. सुमारे ७५ लाखांची गाडी आणि तिच्यावरचं शुल्क एक कोटीहून जास्त. शुल्कमाफीवरून गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि अखेर फेरारीची तेव्हाची मालक असलेल्या फियाट कंपनीने पैसे भरले. २०११ मध्ये ती फेरारी सुरतच्या एका उद्योजकाकडे गेली. त्या सुमारास मुंबईत सचिन ज्या वेगवान गाडीतून फिरताना दिसायचा, ती होती निसान जीटी-आर.